लिनक्स फोन रोजच्या वापराला: पाइनफोन, लिब्रेम ५ की कपाटातला जुना वनप्लस?

खटपट्या (धागालेखक)
अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, हा मुद्दा कृपया कुणी काढू नका. मी बोलतोय ते डेबियन, अल्पाइनच्या घराण्यातल्या वितरणांबद्दल (म्हणजे लिनक्सच्या तयार आवृत्त्यांबद्दल), जी फोनवर जशीच्या तशी चालतात.

माझं मत सरळ आहे: खास लिनक्ससाठी बनवलेला फोन घेऊ नका. पाइनफोन २०२० च्या सुरुवातीला आला, किंमत १५० डॉलर, सगळे हरखले. आत ऑलविनर ए६४ चिप आणि २ जीबी रॅम (नंतरच्या आवृत्तीत ३). ब्राउझर उघडून चहा टाकायला जावं असा प्रकार. लिब्रेम ५ साठी २०१७ मध्ये लोकवर्गणी झाली, जानेवारी २०१९ चा वायदा होता आणि मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू व्हायला २०२० संपत आलं. रॅम ३ जीबी, आणि किंमत अशी की घरी खरी सांगता येणार नाही.

त्यापेक्षा २०१८ चा वनप्लस ६ किंवा पोको एफ१ बघा. स्नॅपड्रॅगन ८४५, किमान ६ जीबी रॅम. पोस्टमार्केटओएस हे अल्पाइनवालं वितरण टाका, वर फॉश हा पडद्यावरचा दर्शनी भाग. फायरफॉक्स, मेल, टर्मिनल झकास चालतं. लोकलमध्ये उभ्या उभ्या सर्व्हरला एसएसएच करतो, म्हणजे टर्मिनलमधून दुरूनच जोडतो. कॅमेऱ्याचा आनंदच आहे, पण मी जेवणाचे फोटो काढत नाही.

टर्मिनलकाकू
धागा छान, निष्कर्ष उलटा. पाइनफोनचं मागचं झाकण नखाने निघतं. आत सहा बारीक खटके आहेत: मोडेम (मोबाइल नेटवर्कचा भाग), वायफाय, माइक, पुढचा-मागचा कॅमेरा, हेडफोन, प्रत्येकाला वेगळा. सॅमसंग जे७ ची बॅटरी त्यात बसते, म्हणजे गल्लीतल्या दुकानातही मिळेल. मोडेम मुख्य चिपपासून वेगळा, यूएसबीवर जोडलेला. तुझ्या ८४५ मध्ये मोडेम त्याच चिपच्या पोटात आणि त्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, बंद पेटीतलं.

पाइनफोनच्या मोडेमचं मूळ फर्मवेअरही बंदच आहे, हे मान्य. पण त्याची वीज मी तोडू शकते. मला वेग नको, ताबा हवा. वेग हवा असेल तर सरळ आयफोन घ्यावा की.

सरळमार्गी
तुम्ही दोघं चिपवर भांडताय. वाण्याला पैसे कसे देणार ते सांगा.

यूपीआयच्या ॲपला तुमच्याच सिमवरून एसएमएस पाठवून फोन आणि नंबर यांची गाठ मारावी लागते. लिनक्सवर वेड्रॉइड टाकलं की त्यात अँड्रॉइडची ॲपं चालतात, पण गुगलच्या प्रमाणीकरणाच्या चाचणीत ते नापास होतं आणि बँकांची बरीचशी ॲपं तिथेच हात वर करतात. माझ्या बँकेचं ॲप तर डेव्हलपर पर्याय सुरू दिसला तरी रुसतं, लिनक्स फार लांबची गोष्ट. रोजचा वापर म्हणजे एसएसएच नव्हे हो, रोजचा वापर म्हणजे कोथिंबीर.

खटपट्या
@सरळमार्गी, *९९# डायल करून पैसे पाठवायची सोय आहे ना. इंटरनेटही लागत नाही, ५००० रुपयांपर्यंत जातात.

सरळमार्गी
मागे चार माणसं उभी असताना १ दाबा, ३ दाबा करून दाखवा, मग बोलू. आणि कॉलचं काय? जिओकडे २जी-३जी नाहीच. फोनवर व्होएलटीई (४जी वरून कॉल) चालत नसेल तर त्या सिमवर साधा कॉलसुद्धा होणार नाही.

टर्मिनलकाकू
हेच म्हणत होते! पाइनफोनच्या क्वेक्टेल मोडेममध्ये व्होएलटीईचं काम मोडेम स्वतःच करतो, कंपनीनुसार योग्य प्रोफाइल निवडलं की झालं. ८४५ वाल्या फोनांत त्यातला बराच भाग अँड्रॉइडच्या बाजूला असतो, तो लिनक्सवर नव्याने लिहावा लागतो. खटपट्या, तुझं सिम कोणतं?

खटपट्या
एअरटेल. कॉल आला की २जी वर उतरतो. हा मुद्दा काकूंना दिला. २जी बंद झालं तर माझी पंचाईत आहे, नाकारत नाही.

आणि कबुलीच द्यायची तर पूर्ण देतो. प्रवासाच्या आदल्या रात्री मी पोस्टमार्केटओएसच्या एज, म्हणजे चाचणीच्या, शाखेवर अपग्रेड मारलं. सकाळी फोन सुरूच होईना, तिकीट त्यातच. चूक शंभर टक्के माझी, स्थिर शाखा असताना एजवर बसायला कुणी सांगितलं होतं? पण अँड्रॉइडवर अशी चूक करायला इतकी मोकळीक नसते हेही खरं.

पुणे_ते_टांपेरे
इथे फिनलंडमध्ये नोकिया नावाच्याच गावाजवळ राहतो म्हणून सेलफिश या फोनवरच्या लिनक्स प्रणालीची बाजू मांडतो. नोकियातून बाहेर पडलेल्या, मीगो या तिथल्या लिनक्स प्रणालीवर काम केलेल्या लोकांनी २०११ मध्ये योला ही कंपनी काढली, सेलफिश तिचीच. सोनीच्या एक्सपिरिया फोनवर पैसे भरून परवाना घेतला तर अँड्रॉइड ॲपंही बऱ्यापैकी चालतात, पडद्यावर बोट सरकवून करायच्या खुणा तर अजूनही सगळ्यांत सुंदर. फक्त वरचा दर्शनी भाग खुला नाही, त्यामुळे काकू मला वाळीत टाकणार.

टर्मिनलकाकू
टाकलं.

सरळमार्गी
म्हणजे चौघांत मिळून एकही लिनक्स फोन असा नाही, जो दुसरा फोन घरी ठेवून बाहेर नेता येईल. की कुणी नेतं? खरं सांगा.

खटपट्या
शनिवार-रविवारी नेतो. खिशात रोख ठेवून.

नवशिका_सातारा
वाद बाजूला ठेवून एक शंका. पोको एफ१ पडून आहे. डाउनलोडच्या पानावर टियान्मा आणि ईबीबीजी अशा दोन प्रती दिसतायत. माझी कोणती?

खटपट्या
तो पडद्याच्या पॅनेलचा फरक आहे, दोन कंपन्यांची पॅनेलं वापरली होती. चुकीची टाकलीस तर पडदा काळा राहील. घाबरू नकोस, फोन मेला नाही, फास्टबूटमधून (संगणकाला जोडून प्रणाली टाकायच्या मोडमधून) दुसरी टाक. पण आधी शाओमीकडून बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडून घ्यावं लागेल, त्यात काही दिवस थांबवतात. आणि उघडताना सगळा डेटा उडतो, तेव्हा फोनमधले फोटो आजच दुसरीकडे उतरवून ठेव.