शब्दचर्चा: 'करार' की 'मृत्युपत्र'?

पानगळ: एका लेखाचा अनुवाद करतेय, त्यात बायबलच्या दुसऱ्या भागातल्या, म्हणजे 'नव्या करारा'तल्या, 'इब्री लोकांस पत्रा'चा ९वा अध्याय आलाय. मूळ ग्रीक शब्द 'दियाथेके'. १५व्या वचनात त्याचा अर्थ करार आणि १६व्यात एकदम मृत्युपत्र, म्हणजे करणारा मेल्याशिवाय लागू न होणारं. इंग्रजी 'टेस्टमेंट'मध्ये दोन्ही मावतं. मराठीत काय लिहू? फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचा मराठी अनुवाद, 'सुबोध बायबल', शेजारीच आहे. 'नवा करार' हे शब्द पाहून भाचीने विचारलं, "मावशी, भाड्याचा का?"

उलटटपाल: भाचीचं बरोबरच आहे. करार म्हणजे दोघांनी बसून ठरवलेलं. जुन्या करारातला त्याच अर्थाचा हिब्रू शब्द 'बेरीथ'ही तसाच. आणि हिब्रूत करार करत नाहीत, 'कापतात'! बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात, देवाशी करार होताना अब्राम कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडतो. पक्षी तेवढे अखंड.

जुनीखोड: आणि त्या तुकड्यांमधून गेलं कोण? धुमसती भट्टी आणि मशाल, म्हणजे एकटा देव. अब्राम तर गाढ झोपेत! कसले दोघे? जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरकारांनी दोन बाजूंचा 'सिंथेके' टाळून 'दियाथेके' घेतला, तो काय उगाच?

शुद्धमती: मुळात 'करार' अरबी. 'संविदा' हा आपला शब्द असताना उसनवारी कशाला?

उलटटपाल: 'नवी संविदा' म्हटलं की १८७२चा भारतीय करार कायदा आठवतो. मग पुस्तकाच्या नावातलं 'सुबोध' खोडावं लागेल. आणि 'बायबल' तरी कुठे आपला?

शुद्धमती: सुबोध म्हणजे समजायला सोपं. ढिसाळ नव्हे.

उलटटपाल: त्या ढिसाळ अनुवादाला २०१३चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार आहे हो.

शुद्धमती: पुस्तकाला ढिसाळ म्हटलेलं नाही. शब्द तोंडी घालू नका.

कोपऱ्यातला: विषय निघालाच आहे तर, बायबलमधल्या येशूचरित्रांचं नाव 'शुभवर्तमान' मी कित्येक वर्षं 'चांगला वर्तमानकाळ' असं वाचत होतो. भूतकाळ वाईट होता, आता बरे दिवस आले, असं काहीतरी. 'वर्तमानपत्र' रोज हातात, तरी वर्तमान म्हणजे बातमी हे डोक्यात शिरलं नाही.

जुनीखोड: म्हणून 'सुवार्ता' बरी. दिब्रिटो ज्या मासिकाचे संपादक होते त्याचंही नाव तेच.

कोपऱ्यातला: पण 'शुभवर्तमान' म्हणताना तोंड भरतं. सुवार्ता म्हणजे फोनवर सांगितल्यासारखं वाटतं.

उलटटपाल: 'करारी' माणूस हाही करारातलाच ना? शब्दाला जागणारा.

जुनीखोड: छे! तो 'करारा' या कडक अर्थाच्या शब्दातला. करार पाळणारा असता तर घरमालकांनी आधी त्यालाच शोधला असता.

शुद्धमती: दोघांनीही पुरावा द्या.

पानगळ: मंडळी, माझं मृत्युपत्र राहिलंच. लेख परवा द्यायचाय. सध्या १६व्या वचनाला 'मृत्युपत्र' लिहून खाली तळटीप टाकलीय. ती मजकुरापेक्षा लांब झालीय.

उलटटपाल: तळटीप इथे टाका की. आणि जुनीखोड, 'करारा' मराठी कधीपासून झाला?