मदत हवी आहे: आल्याच्या बिअरला फेसच येईना

साताऱ्यात आल्याला काय तोटा! कोरेगावकडचं ताजं आलं सालासकट किसलं, साखर-पाणी घालून बरणीत विरजण लावलं. पाचव्या दिवशी कान लावला तर आत बारीक चुरचुर चालू. मग गुळाच्या पाण्यात लिंबू पिळून, १ लिटरला पाव वाटी विरजण घालून प्लॅस्टिकच्या बाटल्या भरल्या. आज ३ दिवस झाले, बाटली दाबली की अजून चेपते. मागच्या खेपेला साखर वापरली होती, तेव्हा झाकण उघडताच निम्मी बाटली ओट्यावर (आणि सासूबाईंच्या साडीवर).

गुळाचं पाणी नीट निवायच्या आत मी घाई केली, त्यात यीस्ट मेलं असेल का? की रात्रीच्या गारठ्यानं नुसतं मंदावलंय? नवीन विरजण घालू, का बाटल्या उबेला ठेवून अजून २ दिवस वाट बघू?