मदत हवी आहे: सुजलेल्या पल्पमधलं नेव्ह १.८ कशाच्या तुलनेत मोजावं?

इर्रिव्हर्सिबल पल्पायटिसच्या (पल्पची बरी न होणारी सूज) दातांतला पल्प (दाताच्या आतला मऊ, मज्जातंतू असलेला भाग) आणि निरोगी अक्कलदाढांतला पल्प यांत नेव्ह १.८ या, वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतल्या, सोडियम चॅनलची तुलना करायची आहे. (पल्पायटिसमध्ये ब्लॉक (भुलीचं इंजेक्शन) दिला तरी दात सुन्न होत नाही, त्यामागे याच चॅनलवर संशय आहे.)

आधी क्यूपीसीआर (एमआरएनए मोजायची चाचणी) केलं. आयएल-६ (सुजेची खूण) छान वाढलेलं दिसतं, पण एससीएन१०ए (नेव्ह १.८चं जनुक) छत्तिसाव्या सायकलनंतर कसंबसं उगवतं. प्रायमर बदलले, आरएनए दुप्पट घेतला, फरक शून्य. नवल नाही म्हणा: न्यूरॉनचं पेशीशरीर ट्रायजेमिनल गँग्लियनमध्ये (कवटीतली मज्जापेशींची गाठ), पल्पमध्ये फक्त अॅक्झॉन (त्या पेशीचा लांब तंतू). म्हणजे एमआरएनए तिकडे आणि तयार प्रथिन इकडे.

म्हणून आता इम्युनोफ्लुरोसन्स, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडीने प्रथिनच रंगवून बघणं. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, ३० टक्के सुक्रोज, ३० मायक्रॉनचे क्रायोसेक्शन, कॉन्फोकल. दात खाचून फोडतो आणि पल्प अख्खा उचलतो. बार्ब्ड ब्रोचने (काटेरी सुईने) काढला की चिंध्या होतात, ओडोंटोब्लास्टजवळचं (पल्पच्या कडेच्या पेशींजवळचं) मज्जाजाळं हातचं जातं.

अडचण अशी की सुजेत मज्जातंतूंना नवे फाटे फुटतात. नुसतं नेव्ह १.८चं क्षेत्रफळ मोजलं तर चॅनल वाढले की तंतूच वाढले, ते कळत नाही.

नमुने मोजकेच आहेत, एका सेक्शनवर दोनच अँटिबॉडी जमतात. गेल्या २४ तासांत आयबुप्रोफेन घेतलेले रुग्ण वगळलेत, एथिक्स मंजुरी आहे.

तर तंतू दाखवणारी दुसरी अँटिबॉडी पीजीपी ९.५ची घ्यावी की न्यूरोफिलामेंटची (दोन्ही मज्जातंतूंतली प्रथिनं)? आणि मोजणी कोरोनल पल्पमध्ये (दाताच्या वरच्या भागातल्या) करावी की रूट कॅनलमधल्या जाड जुडग्यांत?