मोबाईल दाखवल्याशिवाय घास नाही, सासूबाईंशी कसं बोलू?

ठाण्याची_आई
मुलगी साडेतीन वर्षांची आहे, मोबाईल समोर धरल्याशिवाय तोंडच उघडत नाही. मी ऑफिसातून येईपर्यंत सव्वासात होतात, तोवर सासूबाईंनी तिला गाणी लावून भरवलेलं असतं आणि मी काही बोलले की त्यांना लागतं, म्हणतात पोट तर भरतंय ना पोरीचं. परवा रविवारी मी भरवायला बसले आणि मोबाईल काढून घेतला तर तिने ताटच उडवलं, वरणभात सगळ्या सोफ्यावर, आणि मग दिवसभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. नवऱ्याचे क्लायंट अमेरिकेतले त्यामुळे साडेआठपासून तो लॅपटॉपसमोर, सासरे हेडफोन लावून बातम्या बघतात, मीही मेल बघत बसते. सासूबाईंना न दुखवता हे कसं सोडवू?

कृष्णाकाठ
ताई, आमच्या सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि नंतर शाळा उघडल्या तरी पोरांच्या हातातला मोबाईल काही सुटेना, म्हणून गावाने २०२२ च्या १५ ऑगस्टपासून ठरवलं की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं वाचतात नाहीतर गप्पा मारतात. लगेच नाही जमलं बरं का, अंगणवाडी सेविका, पंचायतीचे कर्मचारी, रिटायर शिक्षक घरोघरी जाऊन सांगायचे. मला त्यातलं पटलं ते हे की भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, नातवाचा बंद आणि आजोबांचा चालू असं नाही. तुमच्याकडे एकट्या पोरीचा काढून घेतला आणि बाकी सगळ्यांचे चालू, मग ती चिडणारच ना. आम्ही घरी आठ ते पावणेनऊ सगळे फोन फ्रिजवर ठेवतो. पहिला आठवडा फार जड गेला, हात सारखा तिकडेच जायचा.

नातवंडांची_आजी
मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची आहे म्हणून लिहिते. दिवसभर साडेतीन वर्षांच्या पोराच्या मागे धावून संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात गं, आणि पोर जेवलं नाही तर सुनेला काय सांगू ही धाकधूक असते ती वेगळीच. मोबाईल लावला की वीस मिनिटं बसायला मिळतं. त्यामुळे "तुम्ही चुकताय" असं म्हणू नकोस, "आई, आजपासून रात्रीचं मी भरवते, तुम्ही बसा" असं म्हण. मी नातवाला ओट्याजवळ पाटावर बसवून मटार सोलायला द्यायचे, निम्मे तो तिथेच खायचा. आणि जेवण सगळ्यांबरोबर असू दे, पोरं बघून बघून खातात.

वॉर्डातली_ताई
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसभरात जास्तीत जास्त एक तास. आणि जेवताना तर अजिबातच नको, कारण लक्ष गाण्यात असलं की भूक लागली, पोट भरलं हे मुलाला कळतच नाही, आपण कोंबत राहतो. एकदोन दिवस कमी खाल्लं तरी घाबरू नका, मूल एरवी खेळतंय ना ते बघा, वजन कमी होतंय असं वाटलं तर मात्र डॉक्टरांना दाखवा. दुपारचं जे बघेल त्यात ऑटोप्ले बंद करून ठेवा, एक गाणं संपलं की आपोआप थांबतं, हातातून ओढून घ्यावं लागत नाही आणि रडारड खूप कमी होते.

ठाण्याची_आई
सगळ्यांना मनापासून थँक्यू. आजी, तुमचं वाचून मला रडू आलं, मी त्यांच्या गुडघ्यांचा विचारच केला नव्हता. काल सासूबाईंना तुमच्यासारखंच म्हटलं, त्या काही बोलल्या नाहीत पण पाणी घेऊन शेजारी येऊन बसल्या. नवऱ्याचा कॉल काही हलत नाही म्हणून सगळ्यांचं जेवण पावणेआठला ठेवलं, फोन सगळे बेडरूममध्ये. लेकीने थोडा वेळ रडून पोळीचे सहा घास खाल्ले आणि उठली, सासूबाई ताट घेऊन मागे जायला निघाल्या आणि सासऱ्यांनीच त्यांना बसवलं, म्हणाले भूक लागली की येईल. साडेनऊला आली, दूधभात मागितला.