सोलर सोडून विंडला कन्स्ट्रक्शन मॅनेजर म्हणून जावं का?

शिरपूरचा_पोऱ्या:
राम राम मंडळी. सिव्हिल डिप्लोमा, नऊ वर्षं सोलरवर काढली, साक्री-दोंडाईचा पट्ट्यात पायलिंग, स्ट्रक्चर, इन्व्हर्टरचं फाउंडेशन हेच केलं. आता पवनचक्क्यांच्या साइटवर कन्स्ट्रक्शन मॅनेजरची ऑफर आलीय, पगार जवळजवळ दीडपट, पण विंडचं मला ओ का ठो माहीत नाही आणि घरचे म्हणताय आहे ते काय वाईट आहे. कोणी केलंय का असं?

ब्राह्मणवेलचा_वारा:
भाऊ, सोलरला एक पाइल (जमिनीत ठोकलेला खांब) वाकडा गेला तर उपटून दुसरा ठोकता येतो, इथे एका टॉवरच्या फाउंडेशनला तीनशे-चारशे घनमीटर काँक्रीट एका दमात ओतावं लागतं, मध्ये थांबलं की कोल्ड जॉइंट, म्हणजे जुनं-नवं काँक्रीट नीट जुळत नाही, आणि मग बोंबला. आपल्याकडचा मे महिना माहीत आहेच, ओतताना काँक्रीट 40 अंशाच्या वर जायला नको म्हणून पाण्यात बर्फ टाकायचा आणि संध्याकाळी सुरू करून रात्रभर ओतायचं. मागे रात्री 2 वाजता काँक्रीट प्लँटचा जनरेटरच बसला. दुसरा प्लँट भाड्याने उभा होता म्हणून वाचलो, आणि त्याच भाड्यासाठी हेड ऑफिसने महिनाभर डोकं खाल्लं होतं! पण हे सगळं शिकता येतं, नऊ वर्षं साइट केलेल्याला अवघड नाही.

दीपनगरचे_तात्या:
मी थर्मलवाला, कोळशाच्या वीज केंद्रातला, आमच्याकडे 500 मेगावॅटच्या दोन युनिटचं काम चाललं होतं तेव्हा मॅनेजर झालो. बेटा, काँक्रीट राहतं इंजिनिअरकडे, तुझ्याकडे येतात माणसं. साठ-सत्तर मीटरचं पातं आणणारी गाडी रस्त्यावर वळवायला कोणाचा तरी बांध फोडावा लागतो आणि तो म्हणतो कांदा निघू द्या मग बघू, आणि त्याचं चूक नसतं. म्हणून पगाराआधी तीन गोष्टी विचार. जमीन-रस्त्याचं कोण बघणार, ठेकेदाराचं आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याटप्प्याचं बिल) कोणाच्या सहीने जाणार, आणि काम असुरक्षित वाटलं तर ते बंद करायचा अधिकार तुला आहे का. शेवटचं लेखी घे. नसेल तर तू मॅनेजर नाही, काही झालं की नुसता सापडणारा माणूस.

क्रेनवाला_धुळे:
तात्यांना +1. वारा सेकंदाला 10-12 मीटरच्या वर गेला की पातं उचलत नाही, क्रेन नुसती उभी आणि भाड्याचं मीटर चालू. पावसाळी वारा सुटायच्या आत जितकं उभं राहील तितकं खरं, म्हणजे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी जायचं विसर भो.

शिरपूरचा_पोऱ्या:
तात्या, आजच एचआरला फोन केला. जमिनीची वेगळी टीम आहे, बिलावर सही माझी. काम बंद करायचं विचारलं तर म्हणे साइटवर आल्यावर बोलू. म्हटलं मेलवर द्या मग येतो. आता मेलची वाट बघतोय, आणि बायकोला आखाजीचं अजून सांगितलेलं नाही.