'अंद नाळ' (१९५४) पहिल्या प्रदर्शनात का पडला?

नौपाडाकर, ठाणे:
एस. बालचंदर यांचा 'अंद नाळ' हा तमिळ रहस्यपट उपशीर्षकांच्या आधाराने नुकताच पाहिला. १९४३ साली मद्रासवर जपानी बॉम्ब पडले त्या दिवसांत राजन हा रेडिओ-अभियंता राहत्या घरात गोळी लागून मरतो आणि घरचे, शेजारी असे एकेक जण पोलिसांपुढे आपापली हकिकत मांडत जातात. एव्हीएम या चित्रसंस्थेची निर्मिती, राजनच्या भूमिकेत शिवाजी गणेशन, शिवाय राष्ट्रीय पुरस्कारांत प्रशस्तिपत्र. तरीही प्रथम प्रदर्शनात तो चालला नाही. गाणी नव्हती म्हणून पडला, असे सर्रास सांगितले जाते. पण बी. आर. चोप्रांच्या 'कानून'मध्येही (१९६०) गाणी नव्हती आणि तो लोकांनी उचलून धरला. मग खरे कारण कोणते?

वाशीचा वाचक:
गाण्यांचा मुद्दा अगदीच सोडू नये. दिग्दर्शक स्वतः नामवंत वीणावादक होते. त्यांच्याच चित्रपटात एकही गाणे नाही, हे त्या काळच्या प्रेक्षकाला खटकले असणारच. शिवाय 'राशोमोन' या जपानी चित्रपटाच्या धर्तीवरची, साक्षीगणिक बदलणारी कथा तेव्हा आपल्याकडे नवीन होती.

नेरुळची वाचक:
(पुढे रहस्याचा उलगडा आहे.)
नौपाडाकर, माझ्या मते कारण नायकात आहे. 'पराशक्ती' या पहिल्या चित्रपटापासून ज्यांचे धगधगते संवाद ऐकायला लोक गर्दी करत, ते शिवाजी इथे पहिल्याच दृश्यात कोसळतात. सामान्यांना परवडेल असा रेडिओ बनवू पाहणारा हा हुशार माणूस, सरकारने दाद न दिल्याने कडवट होऊन जपान्यांना फितूर झालेला असतो, हे कळते तेव्हा त्याच्याविषयी हळहळावे की नाही, हेही प्रेक्षकाला ठरवता येत नाही. स्वातंत्र्याला जेमतेम सात वर्षे झाली असताना लाडक्या नटाला देशद्रोही म्हणून पाहणे जड गेले असेल. 'कानून'मध्ये अशोककुमारांच्या न्यायाधीशावर खुनाचा संशय येतो खरा, पण खुनी त्यांच्यासारखा दिसणारा दुसराच निघतो आणि नायकाची अब्रू शाबूत राहते. नाना पळशीकरांचा तो भेदरलेला भुरटा चोर तर प्रेक्षकाच्या सहानुभूतीला हक्काची जागाच देतो. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळाले ते उगाच नव्हे. 'अंद नाळ'मध्ये अशी जागा पत्नी उषेची, पण गोळी सुटते तीही तिच्याच हातून.

पुरस्कारानंतर 'अंद नाळ' पुन्हा प्रदर्शित झाला आणि चालला. तेव्हाही त्यात गाणी नव्हतीच.