मदत हवी आहे: बदली शिक्षक आले की वर्ग हाताबाहेर जातो

खडूवाली
सोमवारपासून रजा आहे आणि मागच्या वेळचं आठवून आत्ताच पोटात गोळा आलाय. बदलीवर आलेल्यांना वर्ग आवरतच नाही. परत आले तेव्हा फळ्यावर चित्रं, वह्या कोऱ्या आणि शेजारच्या वर्गाच्या तक्रारी वेगळ्याच. काय करू? प्लीज थिअरी नको, दोन दिवसात होईल असं सांगा.

शेवटचा_बाक
कितवी? विषय? किती दिवस? सगळं आम्हीच ओळखायचं का?

तासिका_सातवी
ताई, आधी दारात उभ्या राहा, एकेकाला आत घ्या, फळ्यावर स्वतःचं नाव आणि पहिलं काम आधीच लिहून ठेवा, म्हणजे पोरं बसली की लगेच हाताला काम. मला कुठल्याही वर्गावर पाठवतात, मी हेच करतो. पहिली पाच मिनिटं गेली की तास गेला.

खडूवाली
अहो सर, मी बदलीवर जात नाहीये, मी वर्गशिक्षिका आहे! माझ्या जागी कोण येणार ते मलाही माहीत नाही. सहावी, गणित आणि विज्ञान, आठवडाभर. रोज काय शिकवायचं ते लिहिलेली टाचणवही टेबलावरच असते तरी हे होतं.

जुने_मास्तर
त्या टाचणवहीत काय असतं? "अपूर्णांक, सराव" इतकंच ना? तुम्हाला ते पुरतं कारण बाकीचं डोक्यात असतं. नवख्या माणसाला हे कुठून कळणार की मुलं कोणत्या उदाहरणापर्यंत आलीत, गणित आधी कच्च्या वहीत की थेट पक्क्या, पाणी प्यायला विचारून जायचं की आपलं आपण, तास संपला की वह्या गोळा करायच्या की दप्तरात. "आमच्या मॅडम असं नाही करत" हे वाक्य तिथूनच सुरू होतं आणि मग तो माणूस अर्धा तास त्याच्याशीच भांडत बसतो. एक पान लिहा, पण तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी.

रिकामा_वेळ
आमच्या वेळी ऑफ तास म्हणजे स्वर्ग! बदलीवर कोणी आलं की आम्ही नावंच बदलून सांगायचो, सर बिचारे दिवसभर चुकीच्या नावाने हाका मारायचे 😂

नकाशेवाली
रिकामा_वेळ, तुमच्यासारख्यांसाठीच बसायचा नकाशा लागतो. खडूवाली, बाकावार नावं लिहा, जमलं तर फोटो लावा. नाव घेऊन हाक मारली की निम्मा गोंधळ तिथेच थांबतो, "ए निळ्या दप्तरवाल्या" म्हटलं की सगळा वर्ग हसतो. फक्त नावापुढे शेरे लिहू नका.

जुने_मास्तर
शेरे का नकोत? कोण वात्रट आहे ते आधी कळलं तर बरंच की.

नकाशेवाली
मास्तर, "वात्रट" वाचून आत गेलेला माणूस त्या पोराने शिंकलं तरी ओरडतो. कोणाला ॲलर्जी आहे, कोणाला फिट येते, कोणाला मागून ऐकू येत नाही, हे मात्र लिहायलाच हवं. ते शेऱ्यात येत नाही. आणि तेही बंद पाकिटात, टेबलावर उघडं नको.

जुने_मास्तर
पाकिटाचं पटलं. बाकीचं नाही.

घसा_बसला
कॉलरला लावायचा छोटा माईक मिळतो तो घ्या, कोमट पाणी प्या. माझा आवाज वाचला त्याने.

खडूवाली
माझ्या आवाजाचं कोणी विचारलंय?

मनाचे_कोडे
थिअरी नको म्हणालात तरी लिहिते. जेकब कूनिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की ज्यांचा वर्ग शांत चालतो आणि ज्यांचा नाही त्यांच्या रागावण्याच्या पद्धतीत फारसा फरक नसतो, फरक असतो तो त्याआधी. शिक्षकाचं सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना रिकामा वेळ राहतो का. नवख्याचं सगळीकडे लक्ष जाणं अवघड आहे, पण रिकामा वेळ तुम्ही आधीच भरून ठेवू शकता.

तासिका_सातवी
बरोबर, पण नवीन धडा देऊन भरू नका. मी भाषेचा माणूस, मला एकदा गणिताच्या वर्गावर नवीन प्रकरण घ्यायला लावलं, पोरांनी सोलून काढलं.

शेवटचा_बाक
आणि नुसता सराव दिला की हुशार पोरं दहा मिनिटात मोकळी, मग बघा तमाशा.

तासिका_सातवी
म्हणून लवकर झालेल्यांसाठी वेगळा कागद हवा. आणि उत्तरं सोबत ठेवा हो! पोरगं म्हणतं "सर हे चुकलंय", आपल्याला खात्री नसते, संपलं.

खडूवाली
हे खरंच सुचलं नव्हतं, उत्तरं मी कधीच ठेवत नाही. मुलांना आधी सांगू का? की सांगितलं तर जास्तच चेकाळतील?

नकाशेवाली
सांगा. आठवडाभराचं काम परत आल्यावर तुम्ही स्वतः तपासणार हेही सांगा, आणि खरंच तपासा. शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना विचारून त्यांचं नाव पानावर लिहा. बदलीवाल्यांसाठी शेवटी कोरी जागा सोडा, कुठवर झालं, कोण गैरहजर, कोणी मदत केली.

खडूवाली
मदतीला मॉनिटरलाच ठेवू ना?

शेवटचा_बाक
मॉनिटर नको, तो तक्रारीच सांगत बसतो. वस्तू कुठे असतात हे माहीत असलेली दोन शांत मुलं निवडा. आणि प्रोजेक्टरचा पासवर्ड लिहा, तो नेहमी राहतो.

रिकामा_वेळ
बदलीच्या जागेसाठी अर्ज कुठे करायचा असतो, कोणाला माहितीये का?